हसऱ्या बाईचा फोटो

पार्बताबाईने वांग्यांची टोपली फोटो स्टुडिओच्या पायरीवर उतरवली आणि दर्शनी काचेला कपाळ टेकवून आत पाहू लागली. केशवराव फोटोग्राफर बाहेर आले तरी ती हलली नाही.

काचेमागच्या फोटोत राजापेठेचा रस्ता होता. महायुद्ध संपले तेव्हा निघालेली मिरवणूक. पताका, बँड, दुतर्फा माणसे. आणि सगळ्यांच्या पुढे, लग्नातला शालू नेसलेली एक तरुण बाई, हात उंचावून तोंडभर हसणारी. खाली केशवरावांनी सुबक अक्षरांत लिहिले होते : ‘आनंदीआनंद’. नागपूरच्या प्रदर्शनात लोक या फोटोपुढे थांबत. वऱ्हाडातल्या साध्या बाईलाही विजयाचा केवढा हर्ष झाला, असे म्हणत.

“हे आमची वच्छला हाये,” पार्बताबाई म्हणाली. “माही सून.”

केशवरावांचा चेहरा खुलला. “काय सांगता! किती हौसेनं नटून आली होती त्या दिवशी.”

“नटून नाही जी. कंट्रोलचं कापड भेटे नाही. दोघींच्याही लुगड्याच्या चिंध्या झाल्या होत्या. धड असा थो शालूच उरला होता. थोच नेसून भाजी इकाले बसे.”

केशवरावांनी फोटोकडे पुन्हा पाहिले. शालूच्या काठावर चिखल होता. इतके दिवस ते त्याला सावलीच समजत आले होते.

“पण हसते आहे ती,” ते हळूच म्हणाले.

पार्बताबाई पायरीवर टेकली. एका वांग्याचा देठ ती नखाने सोलत राहिली.

“लढाईवरून आलेल्या शिपायायची मोटार होती मिरवणुकीत. माहा भगवंत ब्रह्मदेशात गेला होता, त्याची काही खबर नाही. मोटारीत उभा असलेला एक पोरगा हिनं दुरून पाह्यला. हिले वाटलं, थोच आला. ‘मामी, पहा, पहा,’ मले म्हणे, अन् हात वर केला.”

“मग?”

“मोटार जवळ आली. थो दुसराच कोनी होता.”

रस्त्यावरून एक रिकामा टांगा गेला.

“हा फोटो काढून घ्या जी,” ती म्हणाली.

“तुम्हाला बघवत नाही. समजतं मला.”

“माह्यासाठी नाही. भगवंत आलाच नाही. यंदा मीच तिचा पाट लावून देला. मूर्तिजापूरचा पुंजाराम. लय चांगला मानूस हाये, जीव लावते तिले. पन थो बजाराले अमरावतीले येते. त्यानं हे पाह्यलं त?” तिने मान वळवली. “अशी हसताना त्यानं तिले कधी पाह्यलीच नसन.”

केशवराव आत गेले. काचेचे दार उघडून त्यांनी चौकट काढली, धोतराच्या सोग्याने पुसली आणि तिच्यापुढे धरली.

“तुम्हीच घेऊन जा, बाई. घरी ठेवा.”

तिने दोन्ही हात पुढे केले. सुनेच्या वर केलेल्या हातावरून, तोंडावरून बोट फिरवले. मग हात पदराखाली घेतले.

“नको जी. घरी लावला त मले रोज वाटन, मोटार अजून जवळ यायचीच हाये.”