रबराची कड

धाकट्याने आपला स्पीकर ताईच्या टेबलावर ठेवला, थोरल्याच्या स्पीकरपासून चांगला हातभर लांब. थोरल्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

वडील गेल्यावर त्यांच्या स्पीकरच्या या जोडीवरून दोघांची एवढी जुंपली की शेवटी ताईने एकेकाला एकेक देऊन घरी पाठवलं होतं. वर्षाने दोन्ही इथे आणा, ज्याने नीट सांभाळला असेल त्याची जोडी.

थोरला गालातल्या गालात हसत होता. स्पीकर दुरुस्त करण्यात त्याची हयात गेलेली. पडद्याभोवतीची रबराची कड नुसत्या ओलसर फडक्याने पुसायची. तेल लागलं की ती फुगते, सुटते, हे तो झोपेतही सांगेल. वर्षभरात धाकट्याचा एकच फोन आला होता, नाक मुठीत धरून. कडेला काय लावू? थोरल्याने मधाळ आवाजात सांगितलं, दर आठवड्याला गोडं तेल चोळ. आपला स्पीकर त्याने कपाटात ठेवला आणि निर्धास्त झाला.

ताईने आधी धाकट्याच्या स्पीकरची जाळी काढली. कड काळीभोर, मऊ, जागच्या जागी.

"तेल नाही लावलंस?" थोरल्याच्या तोंडून निसटलं.

"तू सांगितलंस, म्हणूनच नाही लावलं."

थोरल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे या नालायकाने आपल्यावर एक दिवससुद्धा विश्वास ठेवला नव्हता!

मग ताईने थोरल्याच्या स्पीकरची जाळी काढली. कड फुगून लोंबत होती. ताईने बोट लावलं आणि बोट चिकट झालं.

"तेल?" तिने विचारलं.

धाकटा पहिल्यांदाच थोरल्याकडे बघत होता.

"मी लावत होते," दाराशी उभी असलेली थोरल्याची बायको म्हणाली. "दर आठवड्याला, न चुकता. भाऊजींना फोनवर सांगत होतात ना, ते ऐकलं होतं मी. म्हटलं, तुम्हाला कुठे वेळ मिळतो."

मग तिने सगळ्यांचे चेहरे पाहिले.

"चुकलं का हो माझं काही?"

"नाही," थोरला म्हणाला. त्याने जाळी परत बसवली, स्पीकर उचलला आणि धाकट्याच्या स्पीकरला खेटून ठेवला.