दोन तुकड्यांची वाटी

भाऊजी फरशी बसवतात. वीस वर्षं गुडघ्यांवर रांगून त्यांनी लोकांची घरं चकचकीत केली. कामावर घसरून पडल्यापासून मात्र आठवडाभर आमच्याच सोफ्यावर पाय लांब करून बसले होते. "वाटी फुटलीय, वहिनी," म्हणाले आणि एक्स-रे माझ्यापुढे धरला.

मी फिजिओथेरपिस्ट. दिवसाला पंधरा गुडघे माझ्या हाताखालून जातात, त्यातले चार तरी सोंग करतात. संशय अंगात मुरलाय, आणि घरच्यांना त्यात सूट नाही. मी फोटो खिडकीच्या काचेला लावला. वाटीच्या वरच्या कोपऱ्यातला तुकडा सुटा दिसत होता खरा, पण त्याची कड गोल, गुळगुळीत. नुकत्याच मोडलेल्या हाडाची कड अशी नसते. काहींची वाटी लहानपणापासूनच दोन तुकड्यांत राहते, पुष्कळदा दोन्ही पायांत. मी दुसऱ्या गुडघ्याचाही फोटो काढायला लावला. तिथेही तसाच तुकडा, त्याच जागी!

"फुटलीबिटली काही नाही," मी जेवताना जाहीर केलं.

"मग पायात जोर का येत नाही?" भाऊजींनी विचारलं.

"आळस भरलाय म्हणून."

नवऱ्याने भावाच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

मग मी पाळतच ठेवली. दुसऱ्या दिवशी दाराआडून पाहते तर काय, काठी बाजूला ठेवून भाऊजी ओट्यापाशी ताठ उभे, निवांत चहा गाळतायत. मला इतका आनंद झाला की आता आठवूनही लाज वाटते. "तुझ्या भावाला इथला मुक्काम मानवलाय," मी नवऱ्याला ऐकवलं. आणखी दोन आठवडे टोमणे मारले, तेव्हा कुठे भाऊजी कामावर गेले.

त्याच दुपारी ठेकेदार त्यांना धरून घेऊन आला. जिना उतरताना दुसऱ्याच पायरीवर गुडघा दुमडला होता.

मी त्यांना पलंगावर निजवलं आणि पहिल्यांदाच म्हणाले, "गुडघा न वाकवता पाय उचला बघू." मांडी दगडासारखी घट्ट झाली, वाटी सरकत वर गेली, आणि टाच गादीवरून हललीही नाही. वाटीखाली अंगठा दाबला. तिथे ताणलेली दोरी लागायला हवी होती. अंगठा आत गेला.

मांडीचा स्नायू वाटीला ओढतो आणि वाटी त्या दोरीने नडगीला. दोरीच तुटली होती. गुडघा ताठ करून चहा गाळायला तिची गरज लागत नाही. दहा सेकंदांची ही तपासणी मी परक्या माणसाचीही आधी करते. इथे मी तीन आठवडे फोटोच बघत बसले, आणि तेवढ्यात स्नायू आखडून गेला.

"ऑपरेशन लागेल," मी म्हणाले. "लगेच झालं असतं तर सोपं गेलं असतं."

"पुन्हा गुडघ्यावर बसता येईल ना?"

"सांगता येत नाही. भाऊजी, मला वाटलं तुम्ही..."

"मलाही तसंच वाटलं," ते म्हणाले. "तुम्ही आळस म्हणालात, म्हटलं असेल. तुम्हाला त्यातलं कळतं."