तिसरं वर्तुळ

कॉलेजात ऑपरेटिंग सिस्टिम शिकवणाऱ्या बाईंवर सख्ख्या भावांनी अशी वेळ आणावी, हे काही बरं नव्हे. पण आणली खरी.

वडील सुतार. ते पडून इस्पितळात गेले आणि त्यांच्या हत्यारांवरून भावाभावांत वाजलं. थोरल्याने ड्रिल मशीन उचललं, धाकट्याने त्यात बसवायच्या बिटांची पेटी. बोलणं बंद. उद्या वडील मोडलेलं हाड जोडून घेऊन घरी यायचे होते. न्हाणीघराकडच्या भिंतीला धरायला दांडा हवाच, नाहीतर ते पुन्हा पडतील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दांडा तयार होता, वडिलांनीच कधीतरी रंधा मारून ठेवलेला.

कोण कशासाठी अडलंय ते शोधायला बाईंनी वर्गातल्यासारखं चित्र काढलं. काम करणारे ते गोल, लागणाऱ्या वस्तू ते चौकोन. थोरला बिटांसाठी थांबलाय. धाकटा म्हणतो, "ताई, दांडा माझ्या हातात दे, मापं मी घेणार, मग बिटं देतो." दांडा मोकळा. म्हणजे कुठेच अडायला नको होतं, आणि सगळं तर ठप्प!

"या दोघांची डोकीच फिरलीत," बाई करवादल्या.

नवरा चहाचा कप घेऊन मागे उभा होता. "अगं, दांडा मोकळा कसा? तुझ्या कपाटात कुलपात आहे ना?"

"आहेच! दोघं माझ्यासमोर एकमेकांशी बोलल्याशिवाय मिळणार नाही, असं मी..."

बाईंनी पुन्हा चित्राकडे पाहिलं. इतकी वर्षं पोरांना शिकवलं आणि स्वतःचाच गोल काढायचा राहिला. त्यांना मनापासून लाज वाटली. वडिलांच्या हाडांवर आपणही हट्ट मांडून बसलो होतो की.

त्या तडक धाकट्याकडे गेल्या आणि दांडा त्याच्या हातात दिला. अट नाही, उपदेश नाही.

सकाळी दोघं भाऊ भिंतीशी उभे होते, तोंडं दोन दिशांना. थोरल्याने न बघता हात मागे केला. धाकट्याने नेमकं हवं ते बिट त्यावर ठेवलं.

दुपारी वडिलांनी दांडा धरला, हलवून पाहिला.

"बोलतात का गं दोघं?" त्यांनी लेकीला हळूच विचारलं.

"नाही अजून," बाई म्हणाल्या. "पण तुम्ही चाला, बाबा."