कान्हा मढवी हरवले आहेत

अमिताचे बाबा आयुष्यात एकदाच हरवले होते, तेही एका दिवसापुरते. त्याला आता तेरा वर्षं झाली. पण ते हरवल्याची बातमी अजून फिरतेच आहे.

घणसोली गावात गावदेवीच्या देवळामागे मढव्यांचं घर होतं. बाबा, म्हणजे कान्हा मढवी, ताठ माणूस. डोक्यावर टोपी असल्याशिवाय ओटीवरसुद्धा यायचे नाहीत. खाडीकाठची शेतं शहरासाठी गेली, तिथं सेक्टर झाले, टॉवर उभे राहिले, तरी भरती-ओहोटीच्या वेळा त्यांना तोंडपाठ असायच्या. साठी उलटल्यावर त्यांना विसर पडायला लागला. आधी माणसांची नावं गेली, मग वार, मग घरातल्या खोल्या. २०१२च्या नोव्हेंबरात एका सकाळी अर्धा कप चहा तसाच ठेवून ते बाहेर पडले आणि दुपार झाली तरी परतले नाहीत.

मोठा भाऊ हितेश मोटारसायकल घेऊन सगळे सेक्टर धुंडाळत होता. सत्तावीस वर्षांच्या अमितानं घरात बसून फेसबुकवर पोस्ट लिहिली. बाबांचा ओटीवरचा फोटो टाकला. नाव, वय, पत्ता, स्वतःचा मोबाइल नंबर, डाव्या हातावरचं मारुतीचं गोंदण, सगळं लिहिलं. शेजारी बसलेली आई, सखू, म्हणाली, "लिव, कपरे ओले झाले तरी त्याना समजत नाय. नायतर कोनीतरी मारील त्याना." अमितानं तेही लिहिलं: "त्यांना लघवीचं भान राहत नाही. कृपया त्यांच्यावर हात उचलू नका." मध्यरात्र उलटल्यावर हितेशच्या मित्रानं फोटो आणि मजकूर एकत्र करून एक चित्र तयार केलं. ते व्हॉट्सॲपवर सगळ्या ग्रुपमध्ये गेलं. "कालपासून बेपत्ता," असं त्यावर वर लाल अक्षरात होतं. तारीख घालायची मात्र कोणाला सुचली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. खाडीच्या बाजूला एक इमारत बांधत होते, तिथल्या वॉचमनच्या भाच्यानं ती पोस्ट पाहिली होती. अमिता आणि हितेश धावत गेले. बाबा वॉचमनच्या खोपटात, त्याच्या घोंगडीवर बसले होते. जिथं बसले होते ते मढव्यांचंच शेत होतं, फक्त आता तिथं शेत नव्हतं. हितेशला पाहून ते ओरडले, "बांद फुटलाय, पोरान्ना बोलाव!"

म्हणजे पोस्टमुळंच बाबा सापडले. अमिता हे कधी विसरली नाही. त्याच आठवड्यात तिनं स्वतःची पोस्ट काढून टाकली आणि प्रकरण संपलं असं तिला वाटलं.

२०१६ साली बाबा गेले. नंतर दोन वर्षांनी आईही गेली. जुनं घर पाडून तिथं चार मजली इमारत झाली. तिसऱ्या मजल्यावर हितेशचं कुटुंब आणि दुसऱ्यावर अमिता, तिचा नवरा आणि मुलगी राहू लागले. फोन मात्र येत राहिले. कधी लातूरहून, कधी सुरतेहून, एकदा तर इंदूरहून. "तुमचे वडील आमच्या इथं देवळाच्या पायरीवर बसलेत." चित्रावर तारीखच नव्हती, त्यामुळे वाचणाऱ्यासाठी बाबा रोज कालच हरवलेले असायचे. ज्यांनी ज्यांनी ते चित्र टाकलं होतं त्यांना अमितानं सुरुवातीला एकेक करून विनंती केली. काहींनी काढलं. काहींनी "हो ताई, काढतो" म्हणून तसंच ठेवलं. पुढं पुढं ते कोणाकडून कोणाकडे जातंय हेच कळेनासं झालं.

हितेश तिच्याशी या विषयावर बोलायचा नाही. त्याच्या मुलाला, यशराजला, कॉलेजात कोणीतरी ते चित्र दाखवून "तुझे आजोबा ना हे, भान नसलेले?" असं चिडवलं होतं. त्या दिवशी हितेश खाली येऊन दारातच म्हणाला होता, "बाबा कधी टोपीशिवाय कोनाला दिसले नाय. आनि तू त्यांचं काय काय लिवलंस." आईनं सांगितलं म्हणून लिहिलं, हे अमिता बोलू शकली नाही. गेलेल्या आईवर कसं ढकलायचं?

नवरा म्हणायचा, नंबर बदल. ती टाळायची. ऑफिसात, बँकेत सगळीकडे हाच नंबर आहे, असं सांगायची. ते खरंच होतं. पण अनोळखी आवाज "तुमचे बाबा दिसले" म्हणायचा, तेव्हा एक क्षण बाबा कुठंतरी चालत असायचे, पाठीमागं हात बांधून, टोपी नीट करत. आणि ते चित्र पुन्हा कोणी पाठवलं की त्यात ओटी दिसायची, हिरव्या रंगाचं दार दिसायचं, खुंटीवरचं जाळं दिसायचं. घरातल्या कुठल्याच अल्बममध्ये ते दार इतकं स्पष्ट नव्हतं. ही गोष्ट तिनं नवऱ्यालाही सांगितली नव्हती.

गेल्या डिसेंबरात ती बेलापूरला आपल्या सरकारी कार्यालयात टेबलाशी बसली होती. दुपारचे तीन वाजले असतील. फोन वाजला. आवाज एका मुलीचा होता.

"अमिता मढवी बोलताय का? मी रुतिका. तुमचे बाबा इथं खांदेश्वर स्टेशनच्या बाहेर बसलेत. टेन्शन घेऊ नका, मी त्यांच्याजवळच आहे. आजच सकाळी आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर फोटो आला होता."

अमितानं नेहमीचं वाक्य म्हटलं. "बाळा, ते खूप जुनं आहे. बाबा तेव्हाच सापडले होते. आता ते नाहीत."

नेहमी लोक इथं "अरेरे, सॉरी हां" म्हणून फोन ठेवायचे. रुतिकानं ठेवला नाही.

"मग हे कोण आहेत?" तिनं विचारलं.

तेरा वर्षांत हा प्रश्न अमिताला कोणी विचारला नव्हता. तिला स्वतःलाही तो सुचला नव्हता. इतक्या लोकांनी इतक्या म्हाताऱ्यांना पाहून तिला फोन केला होता, आणि तिनं प्रत्येक वेळी फक्त "ते माझे नाहीत" एवढंच सांगितलं होतं.

"पाणी दे त्यांना. उठवू नकोस. मी येतेय," ती म्हणाली. साहेबांना सांगून ती निघाली. बेलापूरहून खांदेश्वर तीनच स्टेशनं.

स्टेशनच्या बाहेर पायऱ्यांवर एक म्हातारा बसला होता. बाबांसारखा मुळीच नव्हता, ठेंगणा, काळासावळा, पांढऱ्या मिश्यांचा. हातावर गोंदण होतं, पण ते तुळशी वृंदावनाचं. लेंगा मांडीपर्यंत ओला झाला होता. आजूबाजूला पाच-सहा माणसं उभी होती आणि त्यातले दोघं मोबाइल धरून होते. रुतिका, जेमतेम अठराची, हातात पाण्याची बाटली घेऊन त्याच्या शेजारी बसली होती.

अमितानं पहिल्यांदा आपली ओढणी काढून म्हाताऱ्याच्या मांडीवर पांघरली. मग मोबाइलवाल्यांकडे वळून म्हणाली, "बंद करा. तुमच्या घरचं माणूस असतं तर केलं असतं का?" एकानं बंद केला. दुसरा काहीतरी पुटपुटत निघून गेला.

"ताई, मीपण स्टेटसला टाकलाय व्हिडिओ," रुतिका हळूच म्हणाली. "घरच्यांना लवकर कळावं म्हणून."

"बघू."

व्हिडिओत सगळं दिसत होतं. लेंगासुद्धा.

"काढ तो," अमिता म्हणाली.

"पण तुमचे बाबा पोस्टमुळंच सापडले होते ना?"

"हो," अमिता म्हणाली. "सापडले. मग चार वर्षांनी गेले. पण लोकांसाठी ते अजून ओल्या कपड्यांत रस्त्यानं फिरतायत."

रुतिकाचा चेहरा उतरला. तिनं व्हिडिओ काढला. तोवर तो एकसष्ट जणांनी पाहिला होता. त्यातले कोण कोण ओळखीचे हे बघून ती तिथंच उभी राहून एकेकाला फोन करायला लागली, "सेव्ह केला असशील तर डिलीट कर, प्लीज."

अमिता म्हाताऱ्याजवळ बसली. "बाबा, गाव कनचा तुमचा?" तिनं विचारलं. ही बोली तिच्या तोंडात कित्येक वर्षांत आली नव्हती. ऑफिसात नाही, मुलीशी नाही.

म्हाताऱ्यानं तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "कोल्ही," तो म्हणाला. "घरा जातंय. पन वाट गावत नाय."

अमिताला कळलं. कोल्ही गाव विमानतळात गेलं होतं. तिथली माणसं नव्या वसाहतींमध्ये राहायला गेली होती.

"आनि तू कनची गो?"

"घनसोलीची. कान्हा मढवीची पोर."

"कान्हा!" म्हातारा हसला. तो बाबांना ओळखत होता की नाही, देव जाणे. "बापूस बरा हाय ना?"

"बरा हाय," अमिता म्हणाली.

मग तो बोलत राहिला. बांधाच्या उघाडीला, म्हणजे भरतीचं पाणी आत-बाहेर सोडायच्या दाराला, जाळं कसं लावायचे ते सांगत राहिला. "उघारीला जाला लावला का जिताडा सापराचा. एवरा!" त्यानं दोन्ही हात पसरले. बाबाही अस्सेच हात पसरायचे आणि दर वर्षी मासा वीतभर वाढायचा. अमिता ऐकत होती आणि मध्येच हसत होती.

ऐकता ऐकता तिनं फोन लावला. कुठल्या ग्रुपवर नाही, हितेशला. त्याच्या बायकोचं माहेर कोल्हीच्याच शेजारचं. "दादा, वहिनीला विचार, कोल्हीचा एक म्हातारा हाय, हातावर तुळस गोंदलीय, पांढऱ्या मिश्या. कोनाचा?" हितेशनं काही न विचारता फोन ठेवला. वहिनीनं तिच्या मामीला विचारलं, मामीनं आणखी कोणाला. पाऊण तासात नाव आलं, गणू भोईर. आणि त्याच्या सुनेचा नंबर.

सून, सुनयना, रिक्षानं आली. सकाळपासून शोधून तिचे डोळे सुजले होते. तिनं सासऱ्याच्या पायाशी बसून त्याचे दोन्ही हात धरले. मग मांडीवरची ओढणी पाहिली आणि अमिताकडे पाहून नुसतीच मान हलवली.

"ग्रुपवर काय टाकलंस?" अमितानं विचारलं.

"फोटो. नंबर. आजाराचं पन लिवलंय. टाकायला नको होतं का?"

"टाकायला हवंच होतं. पण आता सगळ्यांना सांग, सापडले, काढून टाका. आजची तारीख घालून सांग. आणि आजाराचं ज्यांनी पुढं पाठवलंय त्यांना फोनच कर."

तिघी पायऱ्यांवर अर्धा तास बसून होत्या. सुनयनानं तीन ग्रुपवर टाकलं होतं. दोन ठिकाणहून निघालं. तिसऱ्या ग्रुपवरून ते आधीच पुढं गेलं होतं, कुठं ते कोणालाच सांगता आलं नाही.

जानेवारीत सुनयनाचा फोन आला. नाशिकहून कोणीतरी तिला कळवलं होतं की तिचे सासरे तिथल्या बसस्टँडवर आहेत. सासरे तेव्हा तिच्यासमोर बसून भाकरी खात होते. आधी ती हसली होती, मग घाबरली होती.

"किती दिवस येतात गो असे फोन?" तिनं विचारलं.

अमितानं खोटं सांगितलं नाही. "मला तेरा वर्षं झाली. तू एक कर. फोन आला की लगेच ठेवू नकोस. तिथं बसलेला माणूस कोण आहे, ते विचार."

त्या रविवारी सुनयनानं जेवायला बोलावलं. अमितानं हितेशला विचारलं. तो नाही म्हणेल असं वाटलं होतं, पण तो तयार होऊन खाली आला. वाटेत गाडी चालवताना अचानक म्हणाला, "ते कपऱ्यांचं आईनं लिवायला लावलं ना? मला तुझी वहिनी बोलली. आईनं तिला सांगितलेलं."

"हो."

"मग मला सांगायचं ना."

 

सुनयनाच्या घरी जेवणं झाल्यावर गणूबाबा हितेशला आपल्या गावचा कोणीतरी समजून बांध कधी बांधायचा ते विचारायला लागले. हितेशला बाबांचं शेत लहानपणीचं थोडंफार आठवत होतं. तो खाली मांडी घालून बसला. माती कुठली आणायची, उघाडी कुठं ठेवायची, दोघांचं ठरेना. दुपारभर ते वाद घालत होते, आणि आतल्या खोलीत भांडी पुसता पुसता अमिता आणि सुनयना ऐकत होत्या.