माझी राखाडी पिल्लं

मित्रांनो, मी एक जुनी मासोळी आहे, रंगाने राखाडी. माझ्यासारखीसाठी दुकानात कुणी थांबत नाही. तुम्ही हट्ट करून घरी नेता ते सोनेरी मासे मात्र माझ्याच पोटचे.

आमचे मालक घराच्या मागच्या खोलीत मासे वाढवत. माझी आई सोनेरी होती. तशी एकच त्यांच्या हाती लागलेली, म्हणून तिचं भारी कौतुक. तिची जोड राखाडी नराशी लावली आणि आम्ही जन्मलो, झाडून सगळी राखाडी. मालकांचा चेहराच पडला.

"सगळी बापावर गेली," म्हणत त्यांनी जाळी उचलली. पलीकडच्या टाकीत मोठे शिकारी मासे होते. आम्ही त्यांचा खुराक.

मालकांची मुलगी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होती. तिने त्यांचा हात धरला.

"बाबा, थांबा. आईचा रंग यांच्यातही आहे, फक्त दिसत नाही. यांचीच आपसात जोड लावा. चारांत एखादं सोनेरी निघेल."

"आणि नाही निघालं तर?"

"तर मला बोला."

तिने आमची टाकी खिडकीपाशी घेतली. स्वतःच्या हाताने पाणी बदललं, दाणे टाकले. काही महिन्यांनी मला चाळीस पिल्लं झाली. त्यांतली अकरा सोनेरी! मालक शेजाऱ्यांना बोलावून दाखवत सुटले. "डोकं माझ्या लेकीचं," ते सांगत. मुलगी लाजून हसली. मलाही वाटलं, आपण वाचलो.

दुसऱ्या दिवशी मालकांनी उरलेली एकोणतीस जाळीत घेतली.

"बाबा, त्यांतल्याही बहुतेकांत तो रंग दडलाय."

"गिऱ्हाइकाला दिसतो का?"

ती खोलीबाहेर निघून गेली. मी काचेला तोंड लावून पाहत राहिले.

मग हे नेहमीचंच झालं. मी पिल्लं द्यायची, त्यांनी निवडायची. आम्हाला वाचवायला मुलीने जे सांगितलं, तेच धरून ते माझी पिल्लं मारत होते. तिने मागच्या खोलीत येणंच सोडलं.

मित्रांनो, हा सोनेरी रंग म्हणजे काही वेगळा दागिना नव्हे. अंगातले काळे कण कमी पडले, की खालचा पिवळा उघडा पडतो. एवढ्याशा उणिवेचे लाड झाले आणि माझी धडधाकट पिल्लं गेली.

पुढे सोनेरी नर-मादीची जोड जमली. त्यांची सगळी पिल्लं सोनेरीच. माझी गरज संपली. मालकांनी जाळी उचलली, तेव्हा मुलगी दारात येऊन उभी राहिली.

"हिला ठेवा."

"कशाला?"

"मी सांगते म्हणून."

आता मी तिच्या टेबलावर एका काचेच्या पेटीत असते. ती वेळेवर खायला घालते, पण माझ्याकडे बघत नाही. तिला बघवत नसावं.

मित्रांनो, सोनेरी मासा जरूर घ्या, त्याला जपा. फक्त पैसे देण्याआधी दुकानदाराला एवढं विचारा, की याची बाकीची भावंडं कुठे आहेत? आणि तो उत्तर देईपर्यंत तिथून हलू नका.