तट्ट्याची विहीर

तबकडी बशीएवढी, मधे भोक, आणि उन्हाकडे धरली की पोटातून रंग असे सरकतात, जणू पाण्यावर कुणी रॉकेलचा थेंब सांडलाय... सोनूबाईनं ती फ्रिजवरून उचलली, फुंकर मारली आणि पुन्हा उपडी ठेवली. सकाळपासून तिचं हेच चाललं होतं. एवढ्याशा वस्तूत सिनेमात तिच्या शेजारी उभी राहिलेली चिमणाबाई मावली असेल हे खरं वाटत नव्हतं – चिमणाबाई अंगानं चांगलीच भरलेली होती.

तबकडी काल धम्मपाल घेऊन आला. तिचा मुलगा, विमा कंपनीत आहे. त्याच्या ऑफिसातल्या हंबीररावाच्या वडिलांचा मलकापूरला तंबूतला सिनेमा होता. तो बुडाला तेव्हा डबे स्वयंपाकघरात डाळीला गेले आणि फिती भाताच्या खाचरावर पाखरं हाकायला. सोनूबाई ज्यात होती त्या सिनेमाचे दोन डबे तेवढे माळ्यावर राहिले, तेही कुणाला दया आली म्हणून नव्हे, झाकणं गंजून उघडेनात म्हणून. पुण्यात कुणाकडून तरी ते उघडून, पुसून, हंबीररावानं त्यांची ही तबकडी करून आणली. बाकीच्या प्रती केव्हाच चांदीसाठी धुतल्या गेल्या म्हणे. जुन्या काळ्या-पांढऱ्या फितीत चांदी असते, हे सोनूबाईला कालच कळलं. सिनेमा गेला एवढं मात्र तिला फार वर्षांपासून ठाऊक होतं, आणि त्याच भरवशावर तर...

"आज्जी, लावू का?" श्रुतीनं आतून विचारलं. धम्मपालची मुलगी, कॉलेजात जाते.

"लसूण सोलायचाय."

"कालपास्नं गावजेवणाचा लसूण सोललास की."

"मग फोडणी नको म्हण."

धम्मपालनं पेपर खाली केला. "आई, विहीर तुझी, आन् पाणी भरायला तूच येईनास."

ती हसली. हसून वेळ मारून नेता येते, हे तिला उतारवयात उमगलेलं शहाणपण.

नागपूरच्या दीक्षेआधीचा उन्हाळा होता तो. सतरा वर्षांची सोनू स्टुडिओत गर्दीत उभी राहायला जायची, आणि एक दिवस पाणवठ्याचा सीन निघाला. गावच्या विहिरीच्या पायरीला ज्यांचा पाय लागलेला चालत नव्हता, त्यांच्यातल्या मुलीला डायरेक्टरनं काठावर उभं करून हातात दोर दिला. गावातल्या बायांच्या खांद्याला खांदा लावून मी पाणी शेंदलं – हे वाक्य सोनूबाईनं बुद्धजयंतीला सांगितलं, शेजारणींना सांगितलं, सुनेच्या माहेरच्यांना तर दोनदा. श्रुतीनं ते वक्तृत्व स्पर्धेत म्हणून कप आणला, तो शोकेसमध्ये आहे. वाक्यानं घरात आपली जागा केली, चांगली पाट मांडून बसल्यासारखी. कोण उठवणार त्याला?

पण विहीर तट्ट्याची होती, बांबूच्या चटईची. वर प्लॅस्टर, आत लोखंडी पिंप, पिंपात नळाचं पाणी. हे ती सांगायची, लोक हसायचे. आणि शेजारी उभी होती चिमणाबाई, तिच्याच गावची, पाटलाच्या भावकीतली, नवरा गेल्यावर चोरून स्टुडिओत येणारी. तालमीच्या वेळी चिमणाबाईनं आपली घागर उचलली आणि वीतभर पलीकडे ठेवली. खोट्या विहिरीवर! कुणी बघत नसताना, काही बाटायचं नसताना... डायरेक्टर खेकसला, बायांनो, मधून म्हैस जाईल एवढी जागा कशाला, जवळ व्हा. आणि कॅमेरा सुरू झाला.

मग? मग चिमणाबाई सरकली का जवळ? हे ती सांगत नसे, कारण तिला आठवत नव्हतं... आणि लसणाची पाकळी नखानं फोडताना आणखी एक गोष्ट वर आली, जी इतकी वर्षं तिनं खाली दाबून धरली होती. अंग चोरलं ते चिमणाबाईनंच का? की मीच? सवयीनं, कुणी न सांगता, आईनं शिकवलं तशी मीच बाजूला झाले असले तर? ते त्या तबकडीत असणार. चिमणाबाई सरकलेली दिसली तर चिमणाबाईची लाज. मी सरकलेली दिसले तर... श्रुती बघेल. काही बोलणार नाही ती, गुणाची आहे. पण कपाकडे बघेल.

संध्याकाळी लसूण संपला.

पडद्यावर आधी नुसत्या रेघा, मग हिरॉईन, तिचं गाणं. चित्राला जागोजागी पांढरे डाग, शिळ्या भाकरीवर बुरशी धरते तसे, पसरत, विरत. मग पाणवठा. डावीकडे चिमणाबाईचा भरघोस खांदा. उजवीकडे दोर धरलेले दोन काळे, बारीक हात. आणि मधे, नेमका मधे, पांढरा डाग – हलणारा, पण जागा न सोडणारा.

"खांद्याला खांदा हाय का गं?" धम्मपाल पुढं वाकला.

"दिसंना. मधलं खाल्लंय," श्रुती म्हणाली. "पण असणारच की. आज्जी सांगती न्हवं."

सुटले, असं सोनूबाईला वाटलं. वीतभर जागा असो नसो, ती आता कुणालाच मोजता येणार नव्हती. वाक्य जिथल्या तिथं राहिलं. आणि लगेच त्या सुटण्याचाच तिला राग आला, पेपर न तपासताच कुणी पास केल्यासारखा...

"थांबीव," ती म्हणाली.

चित्र थांबलं. डागाच्या वर मुलीचा चेहरा पुरता शाबूत होता. सोनूबाई टीव्हीजवळ जाऊन बसली. तिला वाटलं होतं, पोर भेदरलेली असेल, नाहीतर ताठ – सांगताना ती नेहमी ताठ असायची. ही तर चिमणाबाईकडे बघतही नव्हती, घागरीकडेही नाही. मान वाकवून विहिरीत बघत होती, आणि ओठाचा एक कोपरा वर गेलेला, हसू दाबताना जातो तसा. चिमणाबाईचेही ओठ किंचित उघडे – काही बोलली की दम लागला? वर हिरॉईनचं गाणं. त्यात कुणाचं काय ऐकू येणार?

"काय म्हणाली गं ती तुला?" श्रुतीनं विचारलं.

"आठवंना."

विहिरीबद्दल हा शब्द तिनं आजवर कुणापुढं काढला नव्हता. काढल्यावर जीभ अडखळली नाही, याचं तिलाच नवल वाटलं. अंतराचा हिशेब घेऊन आलेली ती, आणि त्या पोरीला अंतराची फिकीरच दिसत नव्हती. पोरीकडे त्या दिवसातलं काहीतरी होतं, गमतीचं, आपल्यालाही न सांगता तिनं ठेवून घेतलेलं.

"पुढं जाऊ देऊ का, आज्जी?"

"ऱ्हाऊ दे जरा," सोनूबाई म्हणाली, आणि त्या पोरीचं हसू फुटायची वाट बघत बसली.