रेषा नसलेले वर्तुळ

रुग्णालयाच्या संगणकप्रणालीचा तो नकाशा ताईंनी भिंतीवर लावला, तेव्हा साहेबांनी आधी रंगाविषयीच विचारले. "निळा जरा फिका करता येईल का, ताई? ग्राहकाला दाखवायचाय."

वर्षानुवर्षे नाना हातांनी वाढत गेलेल्या त्या अफाट आज्ञावलीत नव्या माणसाला वाट सापडावी, एवढ्यासाठीच ताईंनी नकाशा काढणारे हे साधन रचले होते. आज्ञावलीच्या प्रत्येक भागाचे एक वर्तुळ. एकाने दुसऱ्याला हाक मारली की दोघांत एक रेषा.

"अहो, ही तर पत्रिका झाली," शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला. त्याला सारे नारद म्हणत. "शनी कुठे बसलाय तेवढं सांगा."

"तुझ्याच खुर्चीत."

साहेबांचे बोट मात्र कोपऱ्यातील एका वर्तुळावर स्थिरावले. त्याला एकही रेषा नव्हती. "याला कुणी विचारत नाही. म्हणजे अडगळ. आज संध्याकाळपर्यंत काढून टाका."

ताई लगबगीने पुढे आल्या. "थांबा साहेब. नावाने हाक मारली तरच माझ्या साधनाला ऐकू येतं. एकाने फळ्यावर लिहून ठेवलं अन् दुसऱ्याने गुपचूप वाचलं, तर त्याला पत्ता लागत नाही. इथे तसे सामायिक तक्ते पुष्कळ आहेत. ते शोधायला वेळ द्या मला."

"नकाशावर विश्वास ठेवा, असं तुम्हीच सांगत होता. आता ठेवतोय, तर तुम्हीच पाय मागे घेताय!"

ताईंनी प्रणालीच्या चाचणीच्या प्रतीत त्या वर्तुळाचा भाग बंद केला. पेनिसिलिन सोसत नाही अशी नोंद असलेला एक काल्पनिक रुग्ण घेतला आणि त्याला तेच औषध लिहिले. एरवी पडदा लालभडक होई. आता त्यावर शांतपणे उमटले: औषध द्यावे.



"म्हणजे नकाशा खोटा," साहेब म्हणाले.

"खोटा नाही, अपुरा आहे."

"एकूण एकच. ते वर्तुळ राहू द्या, नकाशा उतरवा. अन् या साधनावर यापुढे कामाचे तास घालवायचे नाहीत." ते निघून गेले.

टाचणी उपसताना ताईंचे नख दुखावले. संताप कोणावर काढावा, हेही त्यांना उमजेना.

नारद जवळ आला. "ताई, उतरवायच्या आधी त्या कोपऱ्यातल्या वर्तुळापासून औषधांपर्यंतची राहिलेली रेषा तेवढी आखा ना. उद्या मला त्याच औषधांच्या भागात हात घालायचाय."

"नकाशा खोटा आहे. ऐकलं नाहीस?"

"ऐकलं. पण दुसरा आहे कुठे?"

ताईंनी त्याच्याकडे रागानेच पाहिले, पेनचे टोपण दातांनी ओढले आणि भिंतीकडे वळल्या.